दोरा घ्या, पृथ्वीगोल घ्या: विमानाचं अंतर आणि वेळ काढायची माझी रीत

माझ्या पृथ्वीगोलाला ब्राझीलपाशी पोचा आहे. शाळेत भूगोल शिकवायचो तेव्हा एका पोराने तो पाडला होता. तरी दोन शहरांमधलं हवाई अंतर कुणी विचारलं की मी आधी तोच खाली काढतो, फोन नंतर.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी मात्र ठेवू नका. टोकियो आणि लॉस एंजेलिस दोन्ही साधारण ३५ अंश उत्तरेला. नकाशावर सरळ रेघ मारली की ती त्याच अक्षांशावरून जाते आणि अंतर ९,३०० किलोमीटरच्या आसपास भरतं. आता गोलावर दोन्ही शहरांमध्ये शिवणाचा दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेला सरकतो, ४८ अंशांपर्यंत चढतो, आणि अंतर येतं ८,८०० किलोमीटर. यालाच बृहद्वृत्त म्हणतात. विमानंही जमेल तितकी याच वाटेच्या जवळून जातात.

दोऱ्यावरून किलोमीटर कसे काढायचे? विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किलोमीटर. माझा गोल ३० सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे त्याचा घेर ९४ सेंटीमीटर. एक सेंटीमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर पडले. न्यूयॉर्क ते लंडन दोरा १३ सेंटीमीटर भरतो, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर. तुमच्या गोलाचा घेर वेगळा असेल तर भागाकार तेवढा बदला.

मग वेळ. मोठं जेट विमान उंचीवर गेलं की ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. साडेपाच हजारांना सहा तास. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, उतरणं यांचा पाऊण तास धरा. छोट्या प्रवासात हा पाऊण तासच भारी पडतो, म्हणून ५०० किलोमीटरलाही सव्वा तास लागतो.

आता वाऱ्याचं. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, हिवाळ्यात तर फारच. म्हणून न्यूयॉर्कहून लंडनला सात तास किंवा त्याहून कमी, आणि परतताना आठ. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन एक प्रवासी विमान पाच तासांच्या आत लंडनला उतरलं होतं!

तिकिटावरच्या वेळांची थेट वजाबाकी करू नका, त्या त्या-त्या गावच्या असतात. रात्री नऊला न्यूयॉर्क, सकाळी नऊला लंडन, एवढं पाहून मी भाचीला म्हणालो, "बारा तास बसावं लागेल गं." ती सात तासांत उतरली आणि अजून चिडवते. दोन्ही वेळा ग्रिनिचच्या करून घ्यायच्या: जानेवारीत न्यूयॉर्कचे रात्रीचे नऊ म्हणजे ग्रिनिचचे पहाटेचे दोन. दोन ते नऊ, सात तास. मार्चमध्ये जपा, कारण अमेरिका घड्याळं ब्रिटनच्या आधी पुढे करते आणि मधले दोन-तीन आठवडे पाचाऐवजी चारच तासांचा फरक राहतो.

एवढं करूनही उत्तर चुकलं, तर वाटेतले देश बघा. हेलसिंकी ते टोकियो पूर्वी साडेनऊ तासांचा प्रवास होता. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच तेरा तासांवर गेला. दोरा अजूनही रशियावरूनच जातो.