‘प्येनत्सऽ’ : एचएसके सहाव्या पातळीचा एक शब्द

एचएसके ही चिनी भाषेची परीक्षा. सहा पातळ्यांच्या एचएसकेमध्ये शेवटच्या पातळीची शब्दयादी ५००० शब्दांची होते. ती घेऊन घोकायला बसणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: वरच्या पातळीचा शब्द एकटा पाठ करू नका. तो कोण, कोणाला, कुठल्या प्रसंगी म्हणतं, तेही सोबत शिका.

‘प्येनत्सऽ’च घ्या. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार लिहायच्या रोमन लिपीत, तो ‘बी’ने सुरू होतो, पण उच्चार आपल्या ‘प’चा. ‘त्स’ म्हणजे ‘चूल’मधला ‘च’, फक्त जोरात हवा सोडून. पहिल्या अक्षराचा सूर उंच आणि सपाट, दुसऱ्याचा झटक्यात खाली येणारा. इथे रोमन अक्षरांपेक्षा मराठी कानावर भरवसा ठेवा.

पहिल्या अक्षरात डावीकडे चामड्याची खूण आहे, दुसऱ्याच्या डोक्यावर बांबूची. दोन्हींचा मूळ अर्थ घोडा हाकायचा चाबूक. त्यावरून माणसाला अधिक चांगलं करायला भाग पाडणं, हा अर्थ आला. दुसरं अक्षर ‘धोरण’ या अर्थाच्या शब्दातही येतं, म्हणून बातम्यांत सतत दिसतं.

शब्दकोशात ‘प्रोत्साहन देणे’ एवढंच वाचून थांबलात तर चौथ्या पातळीवरच्या ‘कूली’शी गल्लत होणार. ‘कूली’ म्हणजे धीर देणं, उमेद वाढवणं. ‘तूत्सू’ म्हणजे मागे लागून करून घेणं; आई मुलाला अभ्यासाला बसवते ते हे. ‘प्येनत्सऽ’ आतून टोचतं. गुरूंचा शब्द, मिळालेलं बक्षीस, झालेली टीका माणसाला ‘प्येनत्सऽ’ करते, किंवा माणूस स्वतःच स्वतःला करतो. वरिष्ठांना मात्र आपण ‘प्येनत्सऽ’ करत नाही, ते उद्धटपणाचं वाटेल. शिवाय हा शब्द लेखनातला आणि भाषणातला आहे, भाजी घेताना कोणी वापरत नाही.

मला तो खरा कळला सत्काराच्या भाषणांतून. तिथे एक ठरलेलं वाक्य असतं: ‘ची शृ कूली, ये शृ प्येनत्सऽ’. हा पुरस्कार कौतुकही आहे आणि पुढे जायची टोचणीही. दोन्ही शब्द शेजारी आले की फरक आपोआप डोक्यात बसतो. मी वहीत शब्दाखाली अर्थ न लिहिता असं अख्खं वाक्यच लिहिते.

या सहाव्या पातळीच्या परीक्षेत लेखनाच्या भागात सुमारे १००० अक्षरांची गोष्ट १० मिनिटांत वाचायची, मग ती काढून घेतात आणि ३५ मिनिटांत ४०० अक्षरांत तिचा सारांश लिहायचा असतो. तिथे शब्द आठवायला वेळ नसतो, तयार वाक्यच हाताशी लागतं.