ऑनलाइन बुद्धिबळाची लांब बैठक आणि शरीराची निगा

बुद्धिबळाच्या स्पर्धेत खेळाडू चार-चार तास खुर्चीला खिळून असतो, असा बाहेरून पाहणाऱ्याचा समज असतो. पण प्रत्यक्षात तसे नसते. चाल खेळून झाली, घड्याळ दाबले आणि चाल कागदावर टिपली की पुष्कळ खेळाडू उठतात, शेजारच्या पटांवर नजर टाकतात, पाणी पिऊन येतात आणि प्रतिस्पर्ध्याचा विचार चालू असेतो सभागृहात फिरत राहतात. ऑनलाइन खेळात ही उसंत उरली नाही. डाव संपतो न संपतो तोच पुढचा प्रतिस्पर्धी समोर येतो, आणि रात्री जेवणानंतर ‘दोन डाव’ म्हणून बसलेला माणूस साडेबारा वाजता मान चोळत उठतो. म्हणून लांब बैठकीत शरीर सांभाळायचे असेल, तर सभागृहात आपोआप घडणारे उठणे, फिरणे आणि दूरवर पाहणे आपल्याला घरी ठरवून करावे लागते.

सुरुवात बसण्याच्या जागेपासून करावी. पलंगावर उशीला टेकून मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळणे मानेसाठी सर्वांत वाईट. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते आणि मान जितकी पुढे झुकेल तितका मानेच्या स्नायूंवरचा ताण वाढत जातो. लॅपटॉपची मूळ अडचण अशी की त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात. पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणला तर हात वर जातात आणि हात खाली ठेवले तर मान वाकते. बुद्धिबळ खेळणाऱ्याला मात्र ही अडचण सहज सोडवता येते, कारण डाव खेळायला कळफलक लागतच नाही. लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तके रचावीत, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली येईल इतका तो उंच करावा, हातभर अंतरावर ठेवावा आणि वेगळा माउस जोडून खेळावे. जेवणाचे टेबल बहुधा उंच पडते आणि खांदे नकळत कानांकडे चढतात. अशा वेळी खुर्चीवर घट्ट उशी घ्यावी आणि पाय अधांतरी राहत असतील तर त्यांच्याखाली पाट ठेवावा. कोपर काटकोनात, टेबलाच्या पातळीला आणि शरीरालगत राहिले की उंची जमली असे समजावे.

हाताकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि माझेही झाले होते. एका पावसाळ्यात मी रोज रात्री बुलेट डाव, म्हणजे प्रत्येकाला एकच मिनिट मिळणारे डाव, खेळत असे. एके सकाळी लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरवताना उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूने मनगटापर्यंत कळ गेली, तेव्हा कुठे हिशेब केला. एका डावात सरासरी चाळीस चाली धरल्या तर वीस डावांत आठशे वेळा मी बटण दाबून धरत होतो, सोंगटी ओढत होतो आणि सोडत होतो, तेही घड्याळाच्या धाकाने माउस आवळून. त्यानंतर मी सोंगटी ओढण्याऐवजी आधी सोंगटीच्या आणि मग इच्छित घराच्या जागी टिचकी मारण्याची पद्धत स्वीकारली. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळाच्या सेटिंगमध्ये हा पर्याय निवडता येतो. पहिले काही दिवस वेळेअभावी डाव गेले, पण हात सुटा राहू लागला. माउस कोपराच्या समोर, शरीराजवळ ठेवावा आणि तो मनगटाने न हलवता दंड आणि कोपर यांनी हलवावा. मोबाइलवर खेळताना फोन टेबलावर एखाद्या स्टँडला टेकवून तर्जनीने चाल करावी. एका हातात फोन धरून त्याच हाताच्या अंगठ्याने तासभर खेळू नये. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर मलम चोळत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

डोळे थकण्याचे कारण साधे आहे. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकाग्रतेने पाहताना हे प्रमाण खूपच घटते, त्यामुळे डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर येत असेल तर त्रास आणखी वाढतो. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवरच्या वस्तूकडे पाहावे, हा नियम नेत्रतज्ज्ञ सांगतात. तो डाव संपण्याशी जोडला की लक्षात राहतो. खोलीत अंधार करून फक्त पडदा उजळ ठेवू नये.

विश्रांती मिनिटांत मोजण्यापेक्षा डावांत मोजावी, कारण चालू डावात गजर वाजला तरी कोणीही उठत नाही. प्रत्येकाला तीन मिनिटे आणि चालीमागे दोन सेकंद जादा मिळणाऱ्या ब्लिट्झ (झटपट) डावात दोघांनी प्रत्येकी चाळीस चाली केल्या आणि सगळा वेळ वापरला, तर तो पावणेनऊ मिनिटांच्या आत संपतो. असे पाच डाव म्हणजे फार तर पाऊण तास, आणि तेवढ्यावर उठायचे असे ठरवून ठेवावे. लिचेसच्या अरीना स्पर्धेत, म्हणजे ठरलेल्या वेळात डावामागून डाव खेळत गुण मिळवण्याच्या स्पर्धेत, हे जड जाते. तिथे लागोपाठ दोन डाव जिंकले की पुढच्या विजयांना दुप्पट गुण मिळू लागतात, आणि ती मालिका चालू असताना उठणे जिवावर येते. पण तिथेही दोन डावांमध्ये थांबण्याचे बटण आहे, ते वापरावे. पाण्याची मोठी बाटली जवळ न ठेवता मी एक फुलपात्रच भरून घेतो; ते रिकामे झाले की स्वयंपाकघरापर्यंत जावेच लागते. तेवढ्या फेरीत खांदे मागे फिरवावेत, मनगटे सैल सोडावीत आणि पुन्हा बसण्यापूर्वी दोन मिनिटे खिडकीशी उभे राहावे.

केवळ बसून खेळण्याने शरीर किती थकते, याचे उदाहरण सोव्हिएत बुद्धिबळपटू कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांच्या पहिल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत आहे. सप्टेंबर १९८४मध्ये मॉस्कोत सुरू झालेली ती लढत ४८ डावांनंतरही संपली नाही आणि फेब्रुवारी १९८५मध्ये निकालाविना थांबवावी लागली. तोवर कार्पोव्ह यांचे वजन सुमारे दहा किलोंनी घटले होते, असे सांगितले जाते. आपली बैठक तेवढी मोठी नसली तरी उपाशीपोटी किंवा तुडुंब जेवून लगेच खेळायला बसू नये. हलके जेवण तासभर आधी घ्यावे आणि मध्ये भूक लागलीच तर भाजलेले चणे किंवा एखादे फळ खावे, तेही टेबलापासून दूर. रात्री चहा नकोच, याबाबत मी आग्रही आहे. कॅफीनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री नऊला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफीन दोन वाजताही अंगात असते.

पराभवाचा परिणामही शरीरात उतरतो. पोकरमधून आलेला ‘टिल्ट’ हा शब्द आता बुद्धिबळातही रुळला आहे. हरल्याच्या रागात माणूस अधिकाधिक वेगाने आणि अधिकाधिक वाईट खेळत जातो, त्या अवस्थेला हे नाव आहे. दात आवळले जाणे, श्वास उथळ होणे आणि पाठ पडद्याकडे झुकणे ही तिची लक्षणे चुकीच्या चालीआधीच दिसतात. लागोपाठ दोन डाव हरल्यास बैठक तिथेच थांबवावी. मानांकनाचे आकडे सतावत असतील तर लिचेसवर ‘झेड’ची कळ दाबली की ते डाव चालू असताना दिसेनासे होतात.

लहान मुलांबाबत अधिक दक्षता हवी. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून माझ्या ओळखीच्या अनेक घरांत मुले रोज ऑनलाइन सराव करतात, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती मोठ्यांच्या खुर्चीत बसतात, पाय लोंबत असतात आणि हनुवटी टेबलाच्या कडेला लागलेली असते. त्यांच्यासाठी उशी आणि पाट लावून द्यावा, फोनऐवजी मोठा पडदा द्यावा आणि निम्मा सराव तरी लाकडी पटावर करून घ्यावा.

झोपेपूर्वी किमान तासभर आधी शेवटचा डाव संपवावा. हरलेला डाव डोक्यात घोळत राहतो आणि अंथरुणात पुन्हा फोन उघडला जातो. म्हणून ज्या चालीवर डाव फिरला ती स्थिती मी खऱ्या पटावर मांडून ठेवतो आणि दिवा मालवतो. सकाळी चहा होईपर्यंत ओट्याजवळ उभ्या-उभ्याच ती पाहतो, आणि रात्री न दिसलेली चाल बहुधा तेव्हा सापडते.