जुन्या आउटबोर्डला (होडीच्या मागे टांगायच्या इंजिनाला) कितीच्या पिचचा पंखा?

पंखा बदलण्याआधी होडी वर ओढा आणि तळ खरवडा. कालवं धरलेल्या तळावर घेतलेली चाचणी फुकट जाते. प्लग, कार्बुरेटरही बघा; दमलेल्या इंजिनाचं खापर पंख्यावर नको.

पंख्यावर ११ × १३ कोरलेलं असेल तर व्यास ११ इंच, पिच १३. म्हणजे न घसरता एका फेऱ्यात १३ इंच पुढे. (घसरतो तो थोडा नेहमीच.)

जुन्या इंजिनाला बहुधा आरपीएम (मिनिटाला किती फेरे) दाखवणारा मीटर नसतो. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा मीटर मिळतो, तो लावा. नेहमीची माणसं, जाळी, पेट्रोल घेऊन शांत पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या. माझ्या टू-स्ट्रोक चाळीस हॉर्सपॉवरच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला ४५०० ते ५५०० फेरे लिहिलंय. मी वरच्या अर्ध्यात ठेवतो, कारण कमी फेऱ्यांवर ओढत चालवलेलं इंजिन तापतं. मीटर ४७०० वर अडला तर १३ पिचचा काढून ११ पिचचा लावा. पिच कमी केली की इंचामागे साधारण १५० ते २०० फेरे वाढतात.

फेरे भसकन चढतात पण होडी हलत नाही? मग पिच सोडा, पंख्याच्या आतला रबरी बुश (इंजिनाची फिरकी पंख्याला देणारा) बघा. बुशापासून पंख्यापर्यंत नेलपेंटची सरळ रेघ ओढा, एक चक्कर मारा. रेघ सरकली तर बुश गेलाय.