ढगांवर काम करायचंय? आधी काउंट वाचायला शिका

फिजिक्स किंवा जिओइन्फर्मॅटिक्स करून उपग्रहाच्या डेटाकडे वळणारी मुलं पहिल्याच भेटीत विचारतात, मशीन लर्निंगचं कोणतं मॉडेल शिकू? माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. ढगांच्या जागतिक नोंदींवर मी इथे मुंबईत बसून काम करतो आणि त्यातला मोठा भाग ढगांचा नसतोच, उपग्रहाच्या कॅमेऱ्यावर विश्वास किती ठेवायचा याचा असतो. त्यामुळे हे लिखाण कॅलिब्रेशनबद्दल, म्हणजे कॅमेऱ्याचा आकडा ज्ञात मापाशी ताडून खरा करण्याबद्दल आहे. कंटाळवाणं वाटलं तर हे क्षेत्रही वाटेल, आत्ताच कळलेलं बरं.

सुरुवात घरच्याच उपग्रहांपासून करा. इस्रोच्या अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचं मॉसडॅक पोर्टल आहे, नोंदणी फुकट आहे. तिथून इन्सॅट-३डीआरच्या इमेजरची, म्हणजे चित्रं घेणाऱ्या उपकरणाची, एक फाइल उतरवा. सहा चॅनल असतात. दृश्य चॅनलचा पिक्सेल १ किलोमीटरचा, औष्णिक (उष्णता टिपणाऱ्या) चॅनलचा ४ किलोमीटरचा. फाइल उघडली की दिसतात ते ० ते १०२३ मधले आकडे, म्हणजे काउंट. हे तापमान नव्हे. काउंटवरून ब्राइटनेस टेंपरेचर, म्हणजे उपग्रहाला भासणारं तापमान, काढायचा तक्ता त्याच फाइलमध्ये असतो, तो लावायचा. फाइलच्या नावातली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, साडेपाच तास मिळवायला विसरू नका. ०६०० ची फाइल म्हणजे आपले सकाळचे साडेअकरा.

मग जानेवारीतला एक निरभ्र दिवस घ्या आणि अलिबागच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून चांगला दूर, समुद्राचा एक चौकोन कापा. औष्णिक चॅनलमध्ये तो दोनशे नव्वदच्या पुढे काही केल्विन यायला हवा. समुद्राच्या खऱ्या तापमानापेक्षा थोडा कमी, कारण मधली वाफ काही उष्णता गिळते. २२० केल्विन आला, तर एक तर तुम्ही तक्ता उलटा लावलाय, नाही तर जानेवारीत मुंबईसमोर उंच, थंड माथ्याचा प्रचंड गडगडाटी ढग उभा आहे. दुसरी शक्यता धरून बसू नका.

हा तक्ता येतो कुठून? औष्णिक चॅनलसाठी उपग्रहावरच सोय असते: उपकरण एकदा रिकाम्या अवकाशाकडे बघतं, एकदा आतल्या ज्ञात तापमानाच्या ब्लॅकबॉडीकडे (उष्णतेच्या प्रमाण पट्टीकडे), आणि त्या दोन बिंदूंवरून रेषा ठरते. सोपं वाटतं. पण भूस्थिर (पृथ्वीच्या एकाच भागावर टांगल्यासारख्या) उपग्रहावर मध्यरात्रीच्या सुमारास ऊन थेट दुर्बिणीच्या तोंडातून आत शिरतं, आतले भाग तापतात आणि ब्लॅकबॉडीचा हिशेब हलतो. मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आगेमागे हा उपद्रव जास्त. दृश्य चॅनलला तर बहुतेक जुन्या उपग्रहांवर असा आधारच नसायचा. वर्षागणिक नजर मंदावते, किती मंदावली हे जमिनीवरची एखादी स्थिर, चकचकीत जागा बघून ठरवायचं. आपल्याकडे त्यासाठी कच्छचं मोठं रण वापरतात. अर्थात पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं, म्हणून काम कोरड्या मोसमातच.

आता जगाचा हिशेब. आयएससीसीपी हा ढगांच्या जागतिक नोंदीचा प्रकल्प १९८२ साली ठरला आणि जुलै १९८३ पासून त्याची नोंद सुरू झाली. युरोप, अमेरिका, जपान यांचे भूस्थिर उपग्रह आणि अमेरिकेचे ध्रुवीय एनओएए उपग्रह, या सगळ्यांचा डेटा एका पट्टीवर आणायचा होता. पट्टी ठरली एनओएए उपग्रहांवरच्या एव्हीएचआरआर या उपकरणाची. पण खुद्द ती पट्टीच एका उपग्रहावरून दुसऱ्यावर जाते, आणि दुपारच्या कक्षेतले ते उपग्रह हळूहळू उशिरा येऊ लागतात. म्हणजे दोनची नोंद काही वर्षांनी चारची होते आणि दुपारचे ढग आपसूक 'बदलतात'.

आपल्या समुद्राची कथा याहून बोलकी आहे. इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ मध्येच वर गेला होता, तरी एखादा तुकडा सोडला तर आपला डेटा त्या जागतिक संकलनात नव्हता. १९९८ मध्ये मेटिओसॅट-५ हिंदी महासागरावर सरकवला गेला तेव्हा ही पोकळी भरली. तोवर इथले ढग शेजारच्या उपग्रहांच्या कडेकडेच्या तिरप्या नजरेतून आणि ध्रुवीय फेऱ्यांतून दिसायचे. तिरपं पाहिलं की ढगांच्या बाजूही दिसतात, मधल्या फटी झाकल्या जातात, आभाळ जास्त भरलेलं वाटतं. वरून सरळ बघणारा उपग्रह आला की तेच आभाळ मोकळं वाटतं. या नोंदीत ढग कमी होत चालल्याचा जो कल दिसत होता, तो बऱ्याच अंशी उपग्रहांच्या नजरेच्या कोनातून आलाय, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं. नवीन माणसाने हा प्रकार नीट समजून घ्यावा. कोणताही कल दिसला की आधी उपग्रह बदलल्याच्या तारखा त्या आलेखावर उभ्या रेघांनी मारा. पायरी रेघेवरच पडत असेल तर पेपर लिहायला घेऊ नका.

आज वेगवेगळ्या उपग्रहांचे आकडे एकमेकांशी जुळवण्याचं काम जागतिक हवामान संघटनेच्या पुढाकाराने २००५ मध्ये सुरू झालेल्या जीएसआयसीएस या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या चौकटीत होतं. युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरचं आयएएसआय हे उपकरण ८४६१ चॅनलमध्ये मोजतं. तेच ठिकाण, तीच वेळ आणि जवळपास तोच कोन जुळला की आपल्या इन्सॅटचा आकडा त्याच्याशी ताडून पाहता येतो.

मुंबईकरांसाठी दोन इशारे. ८२ अंश पूर्व रेखांशावरून तिरपं बघणाऱ्या उपग्रहाला दादरवरचा १५ किलोमीटर उंच ढगमाथा सहा-सात किलोमीटर सरकून खारसमोरच्या समुद्रावर दिसतो. रडारशी जुळवताना ही दुरुस्ती आधी करा. दुसरं, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. अंतर पंचवीसेक किलोमीटर. आयएससीसीपीच्या जुन्या मालिकेचा चौकोन सुमारे २८० किलोमीटरचा, त्यात मुंबईसोबत पुणेही मावतं. सबवेमध्ये पाणी कधी भरेल हा प्रश्न घेऊन या डेटाकडे येऊ नये. शिवाय कोकणातला बराच पाऊस बुटक्या, उबदार माथ्याच्या ढगांतून पडतो. नुसतं औष्णिक चॅनल बघून पावसाचा अंदाज केला तर तो हमखास कमी येतो.

शिक्षणाचं थोडक्यात: पायथन, त्यातल्या एक्सअरे आणि सॅटपाय या लायब्ररी, रेडिएटिव्ह ट्रान्सफरचा (किरणं हवेतून जाताना त्यांचं काय होतं याचा) एक कोर्स, तो टाळू नका, आणि संख्याशास्त्र. पवईला आयआयटीत रिमोट सेन्सिंग आणि हवामान अभ्यास दोन्ही आहेत, देहरादूनच्या आयआयआरएस या रिमोट सेन्सिंगच्या संस्थेचे ऑनलाइन वर्ग फुकट असतात. नोकरी म्हणाल तर अहमदाबाद, पुण्याची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था, हवामान खातं, नाही तर प्रोजेक्टवरची फेलोशिप. शेवटच्या प्रकारात पैसे उशिरा येतात, घरी तसं सांगून ठेवा.

पहिला प्रोजेक्ट म्हणून हा घ्या: इन्सॅट-३डी आणि ३डीआर दोन्ही चालू होते त्या काळातला तोच निरभ्र समुद्राचा चौकोन दोघांतून काढा. त्यांच्या वेळा पंधरा मिनिटांनी चुकतात, समुद्राला त्याने फरक पडत नाही. दोघांच्या तापमानातला फरक तासाप्रमाणे मांडा, दुपारचा आणि मध्यरात्रीचा वेगळा, आणि मार्च आणि सप्टेंबर हे दोन महिने स्वतंत्र ठेवा.