लांडग्याची पिल्ले बिळात असताना मेलेली कोंबडी माळावर टाकू नका

सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, बीड, धाराशिवच्या माळरानांवर लांडगिणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वितात. ओढ्याच्या काठाला किंवा खडकाच्या कपारीत चार-पाच पिल्ले असतात. या थंडीत त्यांच्या तोंडाला काय लागतं, त्यावर पावसाळ्यात ती तुमच्या कळपाकडे वळणार की काळविटांमागे जाणार, हे काही प्रमाणात ठरू शकतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्ले बिळाबाहेर येतात. आईबाप पोटात आणलेलं मांस ओकून देतात, ते खातात. बिळाच्या तोंडाशी हाडं आणि कातड्याचे तुकडे पडलेले असतात, त्यांची ओढाताण चालते. मग नाकतोडे, सरडे, उंदीर यांच्यावर झेपा सुरू होतात. सहा महिन्यांच्या आसपास ती मोठ्यांमागे शिकारीला निघतात. काळवीट पकडणं अवघड असतं: बऱ्याचदा एक लांडगा उघड्यावर राहून कळप हलवतो आणि दुसरा ओघळीत दबा धरतो, तरी बहुतेक प्रयत्न वाया जातात. हे धीराने शिकावं लागतं. घाबरून एकमेकांना चिकटून उभी राहणारी मेंढरं त्यापुढे फारच सोपी. माळावर टाकलेलं मेलेलं मेंढरू किंवा पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी त्याहून सोपी, तिथे तर शिकायलाच काही नाही.

म्हणून पहिलं काम खड्ड्याचं. शेडपासून आणि विहिरीपासून दूर, चार-पाच फूट खोल खड्डा घ्या. मेलेल्या पक्ष्यांवर चुन्याचा थर द्या आणि वर किमान अडीच फूट माती दाबून भरा. वरवर पुरलं तर आधी मोकाट कुत्री उकरतात आणि वासावर लांडगे येतात. मेलेल्या जनावरावर विष टाकणं हा गुन्हा आहेच. शिवाय त्यात गिधाडं, घारी आणि तुमचीच कुत्री मरतात.

रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडा. चूक बहुधा खालच्या कडेला होते. जाळी जमिनीपासून वीतभर उचललेली राहिली की कोकरू बाहेर येतं किंवा लांडगा आत तोंड घालतो. दर तीन फुटांवर खुंटी ठोका. नवी कोकरं डालग्याखाली ठेवा. चरताना धोका पहाटे आणि दिवेलागणीला जास्त. ओढ्याकडेला किंवा तुरीच्या रानालगत मागे रेंगाळणारं मेंढरू सर्वांत आधी जातं.

काळवीट माळावर राहिलं पाहिजे, तर लांडग्याला त्याचं खाद्य मिळेल. पाडस पहिले दोन आठवडे गवतात निश्चल पडून असतं आणि आई दूर चरते. ते टाकून दिलेलं नाही, उचलू नका. मारवेल-पवन्याचं गवत कापताना आधी माणूस फिरवा, मधून बाहेरच्या दिशेने कापत जा म्हणजे पाडसाला पळायला वाट राहते, आणि एका कोपऱ्यात पट्टा तसाच सोडा. पाडसं मारण्यात मोकाट कुत्र्यांचाही मोठा वाटा असतो. कळपाच्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस द्या, कारण हे रोग लांडग्यांनाही होतात. कुत्र्यांचा लांडग्यांशी संकरही होतो, तेव्हा माद्यांची नसबंदी करून घ्या.

बीळ दिसलं तर दगड लावून बंद करू नका, धूर करू नका. लांडगा आणि काळवीट दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत. माणसांची वर्दळ वाढली की आई पिल्ले तोंडात धरून हलवते आणि नव्या, अनोळखी जागी ती तुमच्या मेंढवाड्याच्या जवळही येऊ शकते. वाट थोडी बदला, एवढं पुरतं.

जनावर गेलंच तर मढं हलवू नका. गळ्यावरचे दात आणि ठसे यांचे फोटो काढा, शेजारी मोजायला काडीपेटी ठेवा. अंगभर चावे असतील आणि खाल्लेलं कमी असेल, तर बहुधा काम कुत्र्यांचं. 48 तासांच्या आत वनविभागाला कळवा, हेल्पलाइन 1926. पंचनामा होईपर्यंत मढ्यावर ताडपत्री टाकून कडेला दगड ठेवा.