पीएचपी स्क्रिप्टचं आउटपुट दुसऱ्या पानात आणताना या चुका टाळा

पीएचपीमध्ये ‘इन्क्लूड’ (दुसरी फाइल पानात जोडण्याची आज्ञा) लिहिलं की दुसऱ्या स्क्रिप्टचं तयार आउटपुट पानात येऊन बसतं, या समजुतीतूनच बहुतेक घोटाळे होतात. प्रत्यक्षात ती फाइल तिथल्या तिथे, पानातल्याच व्हेरिएबल्ससह चालते. म्हणून फाइलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लावून ‘आयडी=5’ जोडलं, तर पीएचपी त्या अख्ख्या नावाची फाइल डिस्कवर शोधतं आणि ‘फेल्ड टू ओपन स्ट्रीम’ची वॉर्निंग देतं. आयडीचं व्हेरिएबल इन्क्लूडच्या आधीच्या ओळीत भरा. आतल्या फाइलला ते आपोआप मिळतं. आतल्या फाइलमध्ये ‘एक्झिट’ असेल तर मुख्य पानही तिथेच थांबतं. फूटर गायब झाला की आधी हे तपासा.

आउटपुट व्हेरिएबलमध्ये हवं असतं तेव्हा गोंधळ वाढतो. इन्क्लूड थेट व्हेरिएबलला दिलं, तर मजकूर पानावर छापला जातो आणि व्हेरिएबलमध्ये उरतो फक्त 1. ‘फाइल_गेट_कंटेंट्स’ला (फाइल आहे तशी वाचणारं फंक्शन) डिस्कवरचा पाथ देणं त्याहून वाईट: स्क्रिप्ट चालतच नाही, तिचा सोर्स कोड हाती येतो, आत पासवर्ड असेल तर त्याच्यासकट. बरोबर क्रम असा: आउटपुट छापण्याऐवजी साठवायला लावणारं ‘ओबी_स्टार्ट’, मग इन्क्लूड, मग साठलेलं आउटपुट व्हेरिएबलमध्ये देणारं ‘ओबी_गेट_क्लीन’.

यूआरएल इन्क्लूड करू नकाच. त्याला परवानगी देणारं ‘अलाउ_यूआरएल_इन्क्लूड’ हे सेटिंग मुळात बंद असतं आणि पीएचपी 7.4 पासून डेप्रिकेटेड (वापरू नये असं जाहीर केलेलं) आहे. ते चालू केलं की पलीकडून येणारा कोड तुमच्या सर्व्हरवर चालतो. दुसऱ्या सर्व्हरचं आउटपुट कर्लने (यूआरएलवरून मजकूर मागवणारी पीएचपीची सोय) आणा आणि टाइमआउट द्या, 5 सेकंद पुरेत. आपल्याच साइटचं पान तीच सेशन कुकी पाठवून मागवलं, तर सेशन फाइलच्या लॉकमुळे दोन्ही पानं अडकतात. आधी ‘सेशन_राइट_क्लोज’ करून लॉक सोडा. युजरकडून आलेलं फाइलचं नावही इन्क्लूडला थेट देऊ नका, ठरलेल्या नावांच्या यादीशी ताडून घ्या.

पाथ नेहमी ‘__डीआयआर__’ने (चालू फाइलच्या फोल्डरचा पाथ) सुरू करा, नाहीतर फोल्डर बदलला की फाइल सापडत नाही. पान डॉट एचटीएमएल असेल तर सर्व्हर त्यातलं पीएचपी सहसा चालवत नाही. एक्स्टेंशन डॉट पीएचपी करा.

‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ (आउटपुट सुरू झाल्यावर हेडर पाठवायचा प्रयत्न झाला) अशी वॉर्निंग आली तर त्याच मेसेजमध्ये आउटपुट कुठे सुरू झालं ती फाइल आणि ओळ दिलेली असते. ओळ 1 असेल तर बहुधा बीओएम (फाइलच्या सुरुवातीचं न दिसणारं चिन्ह) किंवा सुरुवातीची मोकळी जागा नडते: फाइल बीओएमशिवाय यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा. निव्वळ पीएचपीच्या फाइलमध्ये शेवटचा क्लोजिंग टॅग लिहूच नका.