लांबून एकत्र प्रहसन लिहिताय? या चुका टाळा

एक जण कोथरूडला, दुसरा हिंजवडीत रात्रपाळीला, तिसरी लंडनला. कट्टा सुटला तरी प्रहसन जमतं. बिघडतं ते बहुतेक वेळा एका सवयीमुळे: विनोद स्क्रीनवर मनातल्या मनात वाचून पास-नापास करणं.

ऐकून ठरवा

समजा, प्रसंग सदाशिव पेठेतला आहे. ‘गेटसमोर गाडी लावू नये’ अशी पाटी, आणि तिच्याखालीच गाडी.

मालक: पाटी वाचता येत नाही?
तरुण: वाचली की. ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका आहेत.

हशा ‘चुका’ या शब्दावर येतो, म्हणून तो शेवटी हवा. गूगल डॉकमध्ये कुणीतरी हे ‘तीन चुका आहेत त्यात, वाचली मी पाटी’ असं फिरवतं. हशा मध्येच फुटतो आणि उरलेलं वाक्य त्यात बुडतं. आणखी कुणी मालकाच्या तोंडी ‘पक्का पुणेकर दिसतोस!’ घालतं. विनोद समजावून दिला की प्रेक्षकाला ओळखायला काही उरत नाही. डोळ्यांना दोन्ही बदल साधे वाटतात, मोठ्याने वाचलं की लगेच खटकतात.

वाचन मात्र ज्याने लिहिलं त्याने करू नये. लेखक नकळत आवाजाने वाक्य सावरून घेतो. दुसऱ्याला, आधी न दाखवता, सरळ वाचायला द्या.

कॉलवरची शांतता फसवी असते

सगळे म्यूटवर असतील तर चांगला विनोदही पडल्यासारखा वाटतो आणि काटला जातो. हेडफोन लावा, माइक चालू ठेवा. आवाज गाळणारी सोय कधीकधी हसूही गाळते, तेव्हा झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. झूमचा फुकट कॉल ४० मिनिटांत तुटतो: २५ मिनिटं वाचन, १५ मिनिटं चर्चा. वाचताना मध्ये सुधारणा नकोत. हसू आलं तिथे एकाने फक्त खूण करावी.

लंडन पुण्याच्या साडेचार तास मागे असतं, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच. वेळ कॅलेंडरवर टाका, तोंडी ठरवू नका.

लेखणी एकाच्याच हातात

बाकीच्यांनी डॉक ‘सजेस्टिंग’मध्ये उघडावं, म्हणजे त्यांचे बदल थेट न होता सूचना म्हणून दिसतात. प्रत्येक बैठकीआधी व्हर्जन हिस्टरीत ‘खर्डा ३’ असं नाव द्या, म्हणजे मागे जाता येतं. काटलेले विनोद पुसू नका, शेवटच्या पानावर साठवा. दुसऱ्या प्रसंगात ते हमखास उपयोगी पडतात. व्हॉट्सअॅपवर सुचलेलं त्याच दिवशी डॉकमध्ये आणणं हेही लेखणीवाल्याचं काम, नाहीतर ते गुड मॉर्निंगखाली गाडलं जातं.

जुन्या श्रीलिपीतला मजकूर डॉकमध्ये चिकटवला तर भलतीच अक्षरं दिसतात, कारण त्या फॉन्टचं कोडिंग वेगळं असतं. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, मग जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासा.

वेळ

पानं मोजू नका, स्टॉपवॉच लावा. दहा मिनिटांच्या प्रहसनाचं वाचन आठ मिनिटांत संपायला हवं. उरलेली दोन हशा आणि हालचालींना लागतात. जास्त होत असेल तर आधी सुरुवात कापा. पाटीखाली कुणाची तरी गाडी दिसण्याआधीचं नमस्कार-चमत्काराचं पान बहुधा सगळंच जाऊ शकतं.

लेखक म्हणून कुणाकुणाची नावं, कोणत्या क्रमाने, हे पहिल्याच बैठकीत ठरवून डॉकच्या पहिल्या ओळीत लिहा. प्रयोग ठरल्यावर हा विषय काढलात तर मैत्रीवर येतं.